विहिरीत सोडलेली पट्टी

१ ऑक्टोबर १९०८, जुन्नर
अखेर पोचलो. टांग्याने हाडं खिळखिळी केली, पण सुवालालशेठचं नवं दुमजली घर पाहून जीव थंड झाला. गेल्या साली हस्ताच्या पावसात डिंगोऱ्याला एका घरावर वीज पडली, तेव्हा शेठना घाम फुटला आणि मुंबईहून मला बोलावणं आलं. छपरावर सळई बसवायची, तिच्यावर पडलेली वीज तांब्याच्या पट्टीवाटे जमिनीत उतरते, घर शाबूत राहतं. एवढं समजावण्यात माझी अर्धी दुपार गेली. शेठ म्हणाले की एक वीज पडेपर्यंत तुम्हीच त्या पट्टीशेजारच्या खोलीत राहायचं. मी म्हटलं, आनंदाने.

३ ऑक्टोबर
या घरात पाणी गाळून पितात, इथवर ठीक. पण गाळल्यावर फडक्यात न दिसणारे जीव राहिले म्हणून उगमबाई, शेठच्या पत्नी, ते फडकं धुतात आणि ते पाणी कळशीतून हळूहळू त्याच विहिरीत सोडतात. अगदी पाण्याला टेकेपर्यंत कळशी खाली न्यायची. वरून ओतलं तर जिवांना लागेल म्हणे! हसू आवरेना. मी मुद्दाम त्यांच्यादेखत पोहऱ्यातून न गाळता घटाघटा प्यायलो. बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पाणी गोड आहे. रोज असंच पिणार.

५ ऑक्टोबर
अंगण म्हणजे निव्वळ खडक. रखमाजी गड्याने दिवसभर पहार आपटून वीतभर खड्डा पाडला. पट्टीचं टोक ओलीत हवं, आणि ओल फक्त विहिरीत. उगमबाईंनी हात जोडून विनवलं की विहिरीत वीज सोडू नका, आतलं सगळं मरेल. मी बरं म्हटलं. सगळं घर जैनांच्या स्थानकात साधूंच्या व्याख्यानाला गेलं, तेव्हा पट्टी दगडांआडून विहिरीच्या तळाशी नेली आणि खड्डा बुजवून ठेवला. पट्टी खड्ड्यातच पुरली असं समजून सगळे खूश आहेत. असल्या लोकांना बुजवलेला खड्डा पुरतो.

८ ऑक्टोबर
दुपारी पडली! सगळं घर हादरलं, पण एक कौल हललं नाही. शेठनी माझे पाय धरायचेच बाकी ठेवले. उद्या टांगा.

९ ऑक्टोबर
टांगा परत पाठवला. सकाळी पोहऱ्यात मासे, बेडूक, सगळे मेलेले वर आले. रखमाजी म्हणाला, "लई वंगाळ झालं, राव." मी सांगितलं, विहिरीला रोग झाला. उगमबाई अन्नपाणी सोडून विहिरीकाठी बसल्या आहेत. आता निघालो तर पळाला म्हणतील. या लोकांसमोर मी पळणार?
कालपासून पोटात घुमतंय. अपचन असावं.

१० ऑक्टोबर
आभाळ निरभ्र, तरी पट्टी घुमते. कान लावला. तिचा आवाज आणि माझ्या पोटातला आवाज एकच आहे. एक थांबला की दुसरा थांबतो. मूर्खपणा. इथल्या हवेने माझंही डोकं यांच्यासारखं होत चाललंय.

११ ऑक्टोबर
उगमबाई दाराशी आल्या. रागाने नाही, मायेने म्हणाल्या, "इहिरीतलं समदं गेलं, भाऊ. जित्तं ऱ्हायलंय ते तुमच्या पोटात. त्येंचं घर तितं इहिरीतच हाय." मी अडाणी बाई म्हणून हाकलून दिलं.
त्या गेल्या आणि पोटात काहीतरी वळलं. विहिरीच्या बाजूला.
मला भीती वाटते. लिहून टाकतो.

१२ ऑक्टोबर
शेठनी स्वतः धरून टांग्यात बसवलं. वेशीपर्यंत ठीक. मग उडी — मी मारली नाही, पायांनी मारली. विहिरीपाशीच येऊन थांबले. रखमाजीने उचलून खोलीत आणलं. पट्टी तोडायला गेलो तर हात उचलेना —

१३ ऑक्टोबर
खाटेला बांधून घेतलंय. पट्टी ओली. खालून वर ओली होत येतेय. ढग भरले. गाठ सुटते आहे — मीच सोडतोय — हा हात माझा —

अंगणात. वही हातातच राहिली. शेठ मागे ओढताहेत, रखमाजी ओढतोय, मी थांबत नाही. उगमबाईंनी माझ्या कमरेला कळशीचा दोर बांधला. रडताहेत. रखमाजीला सांगताहेत, आता धरून ऱ्हात न्हाईत ते, निदान पडू देऊ नको, लागंल. हळू सोड. पार पाण्याला टेके—