मंडईचा पाहुणा

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. देवरी.
पुण्याहून संपादकांचा फोन. ‘अपरिचित गोंदिया’ असा प्रवासलेख पाहिजे. आवडला तर जानेवारीपासून दर महिन्याला सदर, माझ्या फोटोसकट. अखेर महाराष्ट्राला जाग आली.
बाबूजींना दुकानात जाऊन सांगितलं. खताच्या गोण्यांमागून म्हणाले, चार वर्षं झाले, नुसता फिरून राहिला, लिहून काय राहिला कोणास ठाऊक. सदर मिळालं तर ठीक. नाही तर तुळशीचं लग्न लागलं की दुकानात बसायचं. मी म्हणालो, मंजूर. मला या दुकानाच्या वासानंच ओकारी येते, त्यामुळे हरण्याचा प्रश्न नाही.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज दोन हजार शब्द. चहा बंद. चिडणे बंद.

२५ ऑक्टोबर.
साडेनऊला उठलो. उशीर झाला म्हणून चिडचिड होत होती. चिडणे बंद असल्यामुळे चहा घेतला.
उद्या दरेकसा. डोंगर, जंगल, लहानसं स्टेशन.

२६ ऑक्टोबर.
शी. आमगावची बस. शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी, कोंबडीचं तोंड माझ्याकडे. खिडकी जाम. मला बस लागते, ही गोष्ट मी वाचकांपासून लपवून ठेवली आहे, गैरसमज होतात. कंडक्टरनं मात्र एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारता प्लास्टिकची पिशवी हातात दिली. म्हणाला, ठेवा भाऊ, पुढे वळण आहे. चंद्रकुमार नाव त्याचं. अत्यंत आगाऊ माणूस.
पिशवी वापरली.
आमगावहून रेल्वेनं दरेकसा. स्टेशनवर माकडानं चिवडा नेला. जंगल स्टेशनच्या बाहेर होतं आणि बाहेर ऊन होतं. बाकावरून पुरेसं दिसलं. परतीची गाडी आली, बसलो.
घरी येऊन लिहिलं: ‘दरेकशाच्या अरण्याशी मी एकरूप झालो.’ पाठवलं.

२७ ऑक्टोबर.
संपादकांचा मेसेज: यात माणसं कुठे आहेत? लोकांच्या घरात जा, त्यांच्याशी बोला.
माणसांचा कंटाळा आला म्हणूनच तर मी या क्षेत्रात आलो. वैतागून आईला म्हणालो, खेड्यात कोणाच्या तरी घरी जायचं आहे. आपल्या समाजातलं घर असेल तर बरं, जेवायची सोय होते. तिचा चेहरा असा काही उजळला की मलाच कसंतरी झालं. म्हणाली, मंडईचेच तर दिवस आहेत, आता नाही जायचं तर कधी जायचं. लगेच शालीकराम मामाला फोन. चिचगडच्या पलीकडे मामाच्या ओळखीचे सेवकराम राहतात, त्यांच्या गावात गुरुवारी मंडई. म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. घरोघरी पाहुणे, रात्रभर दंडारीचा नाच, जिलेबी आणि धूळ. मला धुळीची अॅलर्जी आहे. पण आईला साहित्याची किंमत कळली, हे काय कमी झालं.

२९ ऑक्टोबर.
आईनं क्रीम शर्ट इस्त्री करून ठेवला. दाढी कर म्हणाली. प्रवासलेखकाला दाढी का लागते ते समजावून सांगितलं. मग केली, खाजत होती.
बाबूजी म्हणाले, तिथे कमी बोल आणि आपल्या दुकानाचं नाव घे. माझ्या लेखात फुकट जाहिरात पाहिजे यांना. किळस येते या व्यापारी वृत्तीची.

३० ऑक्टोबर, गुरुवार.
चिचगडची बस. पुन्हा तोच चंद्रकुमार. मी चढायच्या आधीच हातात पिशवी. चिचगडहून पुढे मामाच्या मोटारसायकलवर. धूळ उतरेपर्यंत शर्टाचा रंग ओळखू येणार नाही.
सेवकरामांच्या ओसरीवर पाय धुवायला पाणी, खुर्चीवर धुतलेला टॉवेल, समोर सगळं खानदान. एका लेखकाबद्दल एवढी उत्सुकता मी देवरीत कधी पाहिली नाही. त्यांनी विचारलं, भाऊबहीण किती, दारू पिता काय, दुकान स्वतःच्या जागेत आहे काय. मीही मुलाखत घेतली. शेती किती, तलावाचं पाणी पुरते का, खोल्या किती, संडास बांधला का. एक काका खूश होऊन म्हणाले, पोरगा पक्का आहे, सारं विचारून घेऊन राहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन चुलीचे फोटो काढले, तर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आजीनं डोक्यावरून हात फिरवला. हाताला लसणाचा वास होता. केस पुन्हा धुवावे लागणार.
पोहे घरातली मुलगी घेऊन आली. पुष्पांजली. नर्सिंग झालेलं, देवरीतच एका दवाखान्यात नोकरी, रोज बसनं जाते-येते. मी पोह्यांचे फोटो काढले. एकदोनात तीही आली. मग बाकीचे सगळे एकदम उठून आत गेले. खेड्यातल्या लोकांना चर्चेत फार वेळ रस राहत नाही.
तिनं विचारलं, तुम्ही काय करता. म्हणालो, फिरतो आणि लिहितो. म्हणाली, ते झालं, काम काय करता. सदराचं सांगितलं. म्हणाली, आता कुठे फिरून आले. म्हणालो, दरेकसा. मग हाजरा फॉल पाहिला असेल, स्टेशनच्या जवळच आहे, म्हणाली. मी म्हणालो, मी आता धबधब्यांच्या पलीकडे गेलो आहे. तिनं माझ्या भरल्या बशीकडे पाहिलं. प्रभाव पडला असावा.
पोहे तोवर थंड झाले. तसेच ठेवले. तेल फार होतं.
मंडईत जिलेबीवर माशा. दंडार रात्रभर चालली म्हणतात. मी झोपलो होतो. दंडारीवर दोन पानं लिहीन.

१ नोव्हेंबर.
लेख पूर्ण. ‘अनोळखी लेखक दारात दिसताच एका कुटुंबानं हृदयाची कवाडं उघडली. घरची लेक स्वतः पोहे घेऊन आली. का? याचं उत्तर या मातीत आहे.’ पाठवला.

३ नोव्हेंबर, सोमवार.
संपादकांचा फोन. बोलता येईना इतके हसत होते. म्हणाले, मुलगी पाहायला गेलेला माणूस आणि त्याला शेवटपर्यंत पत्ता नाही, काय झकास सोंग घेतलं हो. असं दर महिन्याला द्या, सदर तुमचं. फक्त शेवट राहिला. मुलीकडून काय उत्तर आलं ते उद्यापर्यंत पाठवा.
फोन ठेवून आईला विचारलं, मी मुलगी पाहायला गेलो होतो? ती म्हणाली, मंडईच्या दिवसात दाढी करून, मामाले घेऊन, पोरीच्या घरी लोकं कायले जातेत? तुले खरंच समजलं नाही?
जरा वेळ पलंगावर पडलो. शांतपणे विचार केला तर वाईट नाही. मुलगी नोकरीवाली, घर स्वच्छ. लसूण कमी करायला सांगता येईल. त्यांच्याकडून नकाराचं काही कारणच नाही. होकार आला की शेवट लिहितो. गंभीर लिहितो, म्हणजे संपादकांचं हसणं बंद होईल.

४ नोव्हेंबर.
मामाचा फोन. पोरगी नाही म्हणते.
काऊन, असं मामानं विचारलं म्हणे. तिचं म्हणणं, पोरगा सरळ आहे, पण पोह्याचे फोटो काढले आणि पोहे खाल्ले नाही. दरेकसाले गेला आणि हाजरा फॉल न पाहता आला. मग हा लिहिते तरी काय?
संताप. या जिल्ह्यात साहित्याला भविष्य नाही. हा शेवट मी मेलो तरी पाठवणार नाही. संपादकांना कळवलं: मी प्रवासलेखक आहे, विदूषक नाही. वाटलं होतं, ते मनधरणी करतील. त्यांनी लिहिलं, जशी तुमची मर्जी, तुमच्याशिवाय अंक काढतो.

६ नोव्हेंबर.
काल अंगणात तुळशीचं लग्न लागलं. आज दुकानात बसलो. तात्पुरतं. दुसऱ्या संपादकांना लिहिणार आहे. युरियाचा वास नाकातून जात नाही. गिऱ्हाईक येतं, बाबूजी कुठे गेले विचारतं, आणि मला काही न सांगता थांबून राहतं.

२३ नोव्हेंबर, रविवार.
दुसऱ्या संपादकांना अजून लिहिलेलं नाही. सीझन आहे.
दुपारी दुकानात चंद्रकुमार आला, कंडक्टर. साध्या कपड्यात ओळखू आला नाही. हातात पेढ्यांचा डबा. लग्न जमलं म्हणाला. मुलगी चिचगडच्या पलीकडची, नर्स आहे, रोज त्याच्याच बसनं ड्यूटीवर येते. मंडईच्या दिवसांतच पाहायला गेला होता, तीन तारखेला, म्हणजे माझ्यानंतर चार दिवसांनी. पोहे फार चांगले होते, दोनदा मागून खाल्ले, म्हणाला.
वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. पेढा तोंडात तसाच राहिला.
त्याला काहीच माहीत नव्हतं. म्हणाला, आमचंही तुमच्यासारखंच भाऊ, दिवसभर फिरणं. फक्त पगारी आहे. लग्नाला नक्की या, बसनंच या, समोरची सीट धरून ठेवतो. पिशवीही ठेवतो.
मी म्हणालो, सीट खिडकीजवळची ठेवा.