जावा आणि तिची लिपी

८ नोव्हेंबर, शनिवार
आजपासून रोजनिशी. गेल्या वर्षी प्रदर्शनात लोक बायकोला, वच्छलाला विचारत होते, तुमच्या बचत गटाची वेबसाइट आहे का. बिचारी फोन नंबर लिहून देत होती. काल तिने गटाच्या अकराही बायकांना सांगून टाकलं की यंदा असेल, आमच्या घरचे बनवतील. मी नुसती मान हलवली होती. पण अवघड काय त्यात? कुडव्यात एकवीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवतोय. मिनिटाला पन्नास शब्द.

१० नोव्हेंबर, सोमवार
गोंदियाच्या बाजारातून वेबसाइटसाठी कॉम्प्युटरच्या भाषेचं पुस्तक आणलं. दुकानदाराने विचारलं, जावा चाहिए या जावास्क्रिप्ट? नवशिका गोंधळला असता. स्क्रिप्ट म्हणजे लिपी. लिपी शिकून मी काय करू? मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही कीबोर्ड पाठ आहेत. भाषाच घेतली. नऊशे बारा पानं. लिपीवालं पुस्तक पातळ होतं, वर पोपटाचं चित्र. पोरासोरांचं. दुकानदार अजून काही सांगत होता, मी हात वर करून थांबवलं.

११ नोव्हेंबर
खाकी कव्हर घातलं. वर नाव: खेमराज कापगते. धाकट्या भावाची बायको पुष्पांजली अंगणातून पुस्तकाकडे बघत होती. बीसीए झालीय म्हणे. काही बोलली नाही. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. चांगली रीत आहे.

१४ नोव्हेंबर
वच्छला तिचा निरोप घेऊन आली. "पुष्पा म्हणून रायली, पुस्तक चुकलं तुमचं. जावा नाही पायजे होतं." मी म्हणालो, जावा-जावांच्या भानगडी मला सांगू नको. विनोद फारच जमला. इन्स्टिट्यूटमध्ये दोनदा सांगितला. वच्छला हसली नाही. तिला विनोदाचं अंग कमी.

२३ नोव्हेंबर, रविवार
एकशे चाळीस पानं टाइप केली. वर्डमध्ये. चूक एकही नाही. वेबसाइट अजून दिसत नाही. चारशेच्या पुढे दिसत असावी.

३० नोव्हेंबर
आठवडा लग्नांत गेला. चार लग्नं, एक साक्षगंध. वच्छला वेबसाइटसाठी रोज गटाच्या चिन्नोर तांदळाचे फोटो पाठवते. अठ्ठावीस झाले. मी अंगठा पाठवतो.

७ डिसेंबर, रविवार, सकाळ
पान तीनशे बारा. शंका आली म्हणून पुस्तक शेवटपर्यंत चाळलं. नऊशे बारा पानांत 'वेबसाइट' शब्द दोनदा. दोन्ही वेळा प्रकाशकाच्या पत्त्यात.

दुपार
वच्छलाला सांगायला गेलो. दोघी जावा पुष्पांजलीच्या लॅपटॉपवर वाकून बसल्या होत्या. मला बघताच तो मिटला. सिरियल बघत असाव्यात. वच्छलाने विचारलं, झालं काय जी? मी म्हणालो, फिनिशिंग राहिलंय. असं का म्हणालो, देव जाणे.

१३ डिसेंबर
गटातल्या प्रेमिलाबाई रस्त्यात भेटल्या. "भाऊ, माझा फोटो पयले टाकजा." हो म्हणालो. साठीची बाई, नवी साडी नेसून फोटो काढून आली होती. लाज वाटली. उद्या खरं सांगणार. नक्की.

१४ डिसेंबर
रविवार होता. बायकोचा रविवार कशाला नासवा?

२० डिसेंबर, शनिवार, संध्याकाळ
प्रदर्शन. सकाळपासून ताप यायची वाट पाहिली. आला नाही.

स्टॉलवर स्कॅन करायचा चौकोन लावलेला. लोक मोबाइल धरत होते आणि वेबसाइट उघडत होती. तांदळाचे अठ्ठावीसही फोटो. प्रेमिलाबाई सगळ्यांत वर. बायकांनी मला बघून टाळ्या वाजवल्या. मी कपाळावर हात मारून घ्यायचा, तर हात जोडले.

उद्घाटनाच्या मॅडमनी मला विचारलं, कशात बनवली? वच्छला माझ्याकडे बघत होती. एकटक. खरं बोलायला तेवढा वेळ पुष्कळ होता, हे आता कळतंय. माझ्या तोंडून निघालं, जावा.

वच्छला म्हणाली, "हो मॅडम. आमी जावांनीच." आणि मागे उभ्या असलेल्या पुष्पांजलीला हात धरून पुढे आणलं. पुन्हा टाळ्या झाल्या. या खऱ्या होत्या. माझ्याकडे बघून कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ डिसेंबर, रविवार
वच्छलाला विचारलं, एवढं माहीत होतं तर बोलली काऊन नाही? ती म्हणाली, "सांगतलं होतं ना. तुमाले हसू आलं होतं." चहा ठेवून गेली.

दुपारी माझ्या टेबलावर पोपटाचं पुस्तक. कोपरे दुमडलेले, खाली पेन्सिलच्या रेघा. पहिल्या पानावर लिहिलेलं: भाऊजी, इथून सुरू करा. सात वर्षांत पुष्पांजली माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

पहिलं पान टाइप केलं. चूक एकही नाही. दिसलं काहीच नाही. मग ध्यानात आलं, वर्डमध्येच केलं.

वच्छलाला म्हणालो, जरा पुष्पांजलीला विचारून सांग, कशात टाइप करायचं असतं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जावा-जावांच्या भानगडी मी सांगत नाही. तुमीच विचारा."

पुस्तक घेऊन पुष्पांजलीच्या दारापर्यंत गेलो. परत आलो. दोनदा.