तक्त्यावरचा तीन

३ जून
नवी नोकरी, नवं शहर, खोलीला चक्क दोन खिडक्या! काम सरळ आहे: दिवसातून तीनदा प्रत्येक खाटेपाशी जायचं, दुखणं शून्य ते दहात किती ते विचारायचं, तक्त्यावर आकडा लिहायचा. सिस्टरबाई म्हणाल्या, इथे दुखणंसुद्धा मोजूनमापून मिळतं. चार नंबरच्या खाटेवर निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. प्रोस्टेटचा कॅन्सर बरा होऊन उलटला, आता कमरेच्या हाडात शिरलाय. मला पाहताच म्हणाले, या मोजणीदार, लिहा नऊ, आणि अक्षर जरा बरं काढा.

६ जून
मास्तरांची शस्त्रक्रिया ठरते आहे. आजार बरा करणारी नव्हे. दुखणं मेंदूकडे नेणारे कण्यातले तंतू कापायचे, एवढंच. त्यासाठी आकडा सलग तीन दिवस सातच्या वर हवा. दोन झाले. आज दुपारी ते डोळे मिटून पडले होते. उठवणं जिवावर आलं. झोप लागली म्हणजे कमी असेल, असं धरून तीन लिहिला. न विचारता लिहिलेला आकडा खोटाच ना? पण रकाना रिकामा ठेवायची हिंमत झाली नाही.

७ जून
डॉक्टरांनी त्या तीनवर बोट ठेवलं. दिवस पुन्हा पहिल्यापासून. शस्त्रक्रियेची पाळी हुकली, आता दहा दिवसांनी. मास्तरांच्या बायकोने विचारलं, तीन म्हणालं तरी कोण? चार रात्री डोळ्याला डोळा नाही त्यांच्या. मी खिशात पेन शोधत राहिलो. पेन हातातच होतं.

१७ जून
शस्त्रक्रिया झाली. मास्तर शून्यावर. मला म्हणाले, दुखणं मेलं नाही हो, त्याची वाट तोडलीय फक्त. आता दुसरं घर बघत असेल. मग हसून विचारलं, तुमचं किती?
घरचा जिना चढताना कमरेत चमक आली.

१९ जून
माझी कंबर सहावर. एक्स-रेत काही नाही. मास्तरांना सांगून टाकलं, तो तीन माझा. म्हणाले, माहीत आहे. तोंड उघडवत नव्हतं, पण जागा होतो. पेनाचा आवाज ऐकला.

२२ जून
मास्तर गेले. शून्यावरच.
मी नऊ —

२५ जून
चार नंबरची खाट. मोठे डॉक्टर बघतील, पण आधी सलग तीन दिवस — नियम मलाही. दोन झाले.
आज तोंड उघडत नाही. डोळेही. माझ्या जागी आलेला नवा माणूस खाटेशी थांबला. भला असावा, उठवलं नाही.
जागा आहे मी, जागा —
पेन टेकलं. एक वळण. त्याच्याखाली दुसरं —