आपली गिरणी उन्हावर चालते

आई,

आपली गिरणी आता उन्हावर चालते. हे ऐकून तू आधी हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "अन् पावसाळ्यात काय करशील गं?" मुळशीच्या पावसात जन्म काढलेल्या बाईचा रास्तच प्रश्न. मलाही तोच पडला होता.

तू होतीस तेव्हा आपल्या माले गावात विजेचा भरवसा नव्हता. ती गेली की तू डिझेलचं इंजिन सुरू करायचीस. खोलीभर धूर, पिठालासुद्धा त्याचा वास, आणि नाकाला पदर लावून दळणारी तू. "धरण उशाला अन् अंधार घराला," म्हणत खोकता खोकता हसायचीस. तू गेल्यावर मी सोलर पॅनेलची चौकशी केली, तर किंमत ऐकून नुसता चहा पिऊन परत आले. काही वर्षांनी पॅनेल परवडतील इतकी उतरली, पण बॅटरीचं नाव काढायची सोय नव्हती. गेल्या वर्षी तीही आवाक्यात आली. तुझे जावई तरी कुरकुरत होते, "ढग आलं की काय डोंबल दळणार?" पॅनेल बसवायला आलेली मुलगी म्हणाली, "काका, ढगाळ दिवसांत कमी मिळेल, तेव्हा तारेवरची वीज आहेच. पण तीही बदलतेय. ऊन-वाऱ्याची वीज स्वस्त झाली, ती साठवायच्या मोठ्या बॅटऱ्याही स्वस्त झाल्या, म्हणून आता संध्याकाळीसुद्धा कोळसा कमी जाळावा लागतो." हे उठले आणि तिच्यासाठी चहा स्वतः घेऊन आले.

दिवाळीच्या तोंडावर एकदा दुपारीच वीज गेली. भाजणीचे डबे घेऊन बायका ओट्यावर बसलेल्या. ऊन डोंगराआड उतरतंय तसे हे सारखे आभाळाकडे बघतायत आणि मी बॅटरीच्या हिरव्या दिव्याकडे. दिवस मावळला, गावात काळोख झाला, तरी गिरणी आपली घरघरतेय. शेजारची मावशी दारात येऊन ओरडली, "अगं, गावात लाईट न्हाई, अन् तुजी गिरनी कशी चालतिया?"

"दुपारचं ऊन साठवलंय, मावशी."

"ऊन? डब्यात?"

बायका हसून हसून वाकल्या. हे प्रत्येकीला सांगत होते, "मी तर पयल्यापास्नं म्हणत हुतो!"

लिहिलं खरं, पण पाठवू कुठं? आणि एक फक्त तुलाच सांगते. हल्ली पार माण-नेरे गावांहून लोक गिरणी बघायला येतात, बॅटरीत ऊन राहतं कसं म्हणून विचारतात. मी हातवारे करून ठसक्यात समजावते. माना डोलावत जातात बिचारे. मला स्वतःला ते अजून कळलेलं नाही.