दुरुस्ती मागच्या खोलीपासून

मी, निवृत्त शिवणशिक्षिका आणि या घराची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. मला कोणी भरीस घातलेलं नाही. घातलं की मी उलटंच करते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

शिवणयंत्र आणि कात्र्या मुलीला. त्या कात्रीने कागद कापलास तर वरून येऊन कान उपटीन. दिरांनी नेलेली शिडी मुलाने मागून आणावी, छपराला लागेल.

घर मुलाला, पण दुरुस्तीचा क्रम माझा. आमच्या घराण्याची खोडच अशी, की पाहुणे बसतात तिथून काम काढायचं आणि मागे पोहोचेपर्यंत हात आखडायचा. बैठकीला कितीदा तरी रंग लागला. मागच्या खोलीत, माझ्या नणंदेच्या पलंगाशेजारी, अजून बादली ठेवावी लागते.

म्हणून आधी मागच्या खोलीचं छप्पर. मग तिथली ओली भिंत, पोपडे खरवडून; नुसता रंग फासून नव्हे. मग जुन्या वायरी, आणि न्हाणीघरात धरायला दांडा. सूनबाई, स्वयंपाकघर त्यानंतर खुशाल पाड. तो ओटा मलाही कधी आवडला नाही. बैठक सर्वांत शेवटी.

मुलगा परवा म्हणाला, "काम निघालं की आत्याला कुठेतरी हलवावं लागेल."

"आणि परत कधी आणणार?" मी विचारलं. त्याने विषय बदलला. पोर वाईट नाही, पण मी त्याची आई आहे.

नणंदेचं नि माझं कधी पटलं नाही. माझ्या हातच्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवण्यात तिचा जन्म गेला. पण माझ्या आजारपणात उशाशी बसली ती तीच. या वयात तिला बोचकं उचलायला लावलेलं मला सोसणार नाही. काम चालेल तोवर तिचा पलंग माझ्या खोलीत लावावा.

सबब अट अशी: आपल्या खोलीत परत राहायला लागल्यावर "आता नीट झालं" असं नणंद स्वतःच्या तोंडाने म्हणेपर्यंत बैठकीला हात लावू नये आणि घर विकू नये.

मुला, तू म्हणशील, आत्या असं जन्मात म्हणणार नाही. नाहीच म्हणणार. राहू दे तिला तिथे.

सही: घरमालकीण
साक्षीदार: समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई; गल्लीतले सुतारकाका
ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: ११ जून