शादलीकाकांच्या नावाचं पान

नाबुल, ८ मार्च

चि. नौफल यास दूजाताईचे अ. उ. आ.

फोनवर तू हूं हूं करत दुसरंच काहीतरी टाइप करत असतोस, ते मला इथे ऐकू येतं. म्हणून हे पत्र.

तुझ्या वेबसाइटनं कमाल केली, हे आधी कबूल करते. जुन्या पानावर अक्षरं लुकलुकायची आणि बाबांचा फोटो असा होता की आलेलं गिऱ्हाईक पळावं. आता उघडलं की नारिंगाची पांढरी फुलं, त्यांचं सुगंधी पाणी काढायची तांब्याची भट्टी आणि ते सुरकुतलेले हात. नाबुलचं फुलपाणी असं शोधलं की आपलंच दुकान सगळ्यांत वर. बाबा कॅफेत अनोळखी माणसांनासुद्धा शोधून बघायला लावतात. यंदाची फुलं अजून झाडावर आहेत आणि मागणी दोहापासून बर्लिनपर्यंत.

एक विचारायचं होतं. फ्रान्समधल्या ल्योंहून एका बाईंचा फोन आला. शादलीकाकांच्या हातचं पाणी आता तुमच्याकडेच मिळतं ना, म्हणाल्या आणि उसासा टाकला. बाबांना भट्टी शिकवणारे आपले काका गुडघ्याच्या ऑपरेशनपासून हिवाळाभर दुकान बंद ठेवून बसले, हे तिकडे कसं कळलं कोण जाणे. दुकानात गर्दी होती. मी हो म्हटलं आणि पाणी पाठवायला त्यांचा पत्ता लिहून घेतला.

हरिसाची, आपल्या तिखट चटणीची, बरणी बसवाल्याबरोबर धाडली आहे. मित्रांना वाटत बसू नकोस. तू मागितली नव्हतीस, पण माया काय मागायची गोष्ट आहे?

तुझी
दूजाताई

ट्युनिस, १५ मार्च

ती. दूजाताईस सा. न. वि. वि.

बरणी मिळाली. मित्रांनी वास काढलाच, अर्धी गेली.

तू कौतुक केलंस, म्हणजे आता फुशारकी मारायला हरकत नाही. ताई, वेबसाइट म्हणजे दारावर पाटी लावून गप्प बसणं नव्हे. मी फोटो हलके केले, फोनवर पान झटकन उघडेल असं केलं. पॅरिस-मॉन्ट्रियलच्या मिठाईवाल्यांशी, स्वयंपाक शिकवणाऱ्या बायांशी ऑनलाइन ओळखी वाढवल्या. त्यांच्या शंकांना महिनोन् महिने उत्तरं दिली, तेव्हा कुठे त्यांनी आपल्या दुकानाचा दुवा पुढे पाठवला.

आणि लोक शोधतात काय, तेही पाहिलं. गंमत अशी की नाबुलचं पाणी हवं असलेली जुनी गिऱ्हाइकं आपलं नाव शोधतच नाहीत, शादलीकाकांचं शोधतात. काकांची तर वेबसाइटच नाही. मग ती वाट ओसाड का ठेवायची? मी त्यांच्यावर एक पान लिहिलं. वाचशील तर डोळे भरून येतील. काकांच्या नावानं आलेला माणूस तिथून आपल्या दुकानात उतरतो. तुझ्या ल्योंच्या बाई तशाच आल्या. काकांचा मान वाढला आणि आपला धंदा.

बाबांना एवढं सविस्तर सांगू नकोस, उगीच डोकं खातील. त्यांना नमस्कार. माझ्यावर नजर असू दे, कडक नको.

तुझा
नौफल

नाबुल, ३० मार्च

नौफल,

बिनआशीर्वादाचं पत्र मी आजवर लिहिलं नव्हतं. आज लिहिते आहे.

काल दुपारी मार्सेहून एक जोडपं शादलीकाकांच्या दारात आलं. दर वसंतात टपालानं पाणी मागवणारं जुनं गिऱ्हाईक, काकांना कधी न पाहिलेलं. हातात फुलं, अंगावर काळे कपडे. मामियाकाकूंचं सांत्वन करायला! दार उघडलं स्वतः काकांनी. त्या माणसानं त्यांनाच काकांचा भाऊ समजून मिठी मारली, तुमचा भाऊ फार मोठा माणूस होता म्हणून रडायला लागला. काका आधी हसले. माझा भाऊ तर लहानपणीच गेला, म्हणाले. मग त्या बाईनं फोनवर तुझं पान काढून दाखवलं. ते सुरकुतलेले हात काकांनी ओळखले. ते त्यांचेच. माझ्या लग्नाच्या वर्षी तू काढलेला फोटो. मी रोज त्या हातांकडे बघत होते, मला ओळखू आले नाहीत.

दुखऱ्या गुडघ्यानं परवाच उघडलेलं दुकान काकांनी भरदुपारी बंद केलं.

हे सगळं मामियाकाकूंनी मला आपल्या उंबऱ्यावर उभं राहून सांगितलं. आत ये म्हटलं, आल्या नाहीत. मग मी ते पान वाचलं. त्यांची भट्टी आता शांत झाली आहे, त्यांचा हात मात्र आमच्या घराण्यात जिवंत आहे. असं लिहिताना तुला काय वाटत होतं रे?

बाबांना सांगावंच लागलं. ज्यानं मला आच ओळखायला शिकवलं त्याला माझ्या पोरानं पुरलं, एवढं बोलून त्यांनी भट्टी विझवली. सकाळी आलेली फुलं चादरीवर तशीच पडून आहेत, कडेनं तांबूस व्हायला लागली आहेत. मी त्यांना हात लावलेला नाही.

दूजा

ट्युनिस, २ एप्रिल

ती. ताईस, सा. न., या वेळी मान वर न करता.

पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. काका वारले असं मी कुठेही लिहिलेलं नाही, असं सांगणार होतो. मग ते पान परक्यासारखं वाचलं. ताई, मी खोटं लिहिलं नव्हतं. खोटं वाचलं जाईल असं लिहिलं होतं. त्यात माझा हात बसलेला आहे, वेबसाइट करून घेणारी गिऱ्हाइकं त्यासाठीच येतात माझ्याकडे.

पान काढून टाकलं. पण शोधलं की त्या ओळी अजून दिसतात, आणि ज्यांच्याशी मी एवढ्या कष्टानं ओळखी केल्या त्यांनी त्या पुढे पाठवल्या आहेत, खाली हळहळ लिहून. माणसाला मारायला एक दुपार लागली. उठवायला किती लागेल ते माहीत नाही.

शुक्रवारी येतो.

नौफल

ट्युनिस, ७ एप्रिल

ती. ताईस सा. न.

नाबुलला येऊन मी तुझं दार टाळून परत गेलो, हे बाजारातून कळलंच असेल. काकांकडून निघाल्यावर बाबांसमोर उभं राहायची ताकद उरली नव्हती.

काका खाटेवर गुडघा लांब करून बसले होते. दोन शेजारी होते. ते उठायला लागले तर काकांनी त्यांना बसवून घेतलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, ते नंतर. आधी वाच. माझ्यावर लिहिलंयस ना, मला चष्म्यानंसुद्धा नीट दिसत नाही, मोठ्यानं वाच.

फोनमध्ये मजकूर होता, तो मी वाचला. त्यांच्या समोर बसून, भूतकाळात. ते होते, ते करत, त्यांच्या हाताला वास असे. शेजारी जमिनीकडे बघत होते. मधे मी थांबलो तर काका म्हणाले, थांबू नकोस, लिहिताना थांबला नव्हतास. शेवटी म्हणाले, बेट्या, चांगलं लिहितोस. इतकं चांगलं माझ्याबद्दल जन्मात कोणी बोललं नाही. जिवंत माणसासाठी एवढं सुचलं असतं का रे तुला?

मी फोन बाजूला ठेवला. मग मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, ती हो होती की नुसतीच हलली, कळलं नाही. काकूंनी कॉफी आणली. पाहुण्याच्या कॉफीत घालतात तो फुलपाण्याचा थेंब तीत नव्हता.

परत येऊन आपल्याच साइटवर नवं पान टाकलं आहे. शादली हयात आहेत, त्यांचं दुकान उघडं आहे, आधीचं पान आमच्या स्वार्थाचं होतं. खाली माझं नाव, काकांचा पत्ता आणि फोन. ते इतकं फिरलं की आता कोणी आपल्या दुकानाचं नाव शोधलं तर सगळ्यांत वर तेच येतं. फुलपाण्यासाठी शोधलं तर आपण कुठेतरी खोल गेलो आहोत. मला ते पान महिनाभरात खाली ढकलता येईल. बाबांचं नाव त्याखाली दबतं आहे, म्हणून विचारतो.

तुझा, म्हणशील तर,
नौफल

नाबुल, २४ एप्रिल

चि. नौफल यास अनेक आशीर्वाद. होय, पुन्हा लिहिते आहे.

ढकलू नकोस. राहू दे वर.

आणि सगळं तुझ्या एकट्याच्या माथ्यावर घेऊ नकोस. मी ल्योंच्या त्या बाईंना फोन करून काका हयात असल्याचं सांगितलं. त्या आनंदानं रडल्या, आणि मग विचारलं, मग त्या दिवशी तुम्ही हो का म्हणालात? गर्दी होती, असं सांगणार होते. ते खरंही होतं. पण तोंडातून निघेना. त्यांचा उसासा मला त्या दिवशीच ऐकू आला होता, नौफल. मला पत्ता लिहून घ्यायचा होता.

आता बाबांचं. हंगाम सरत आला तरी आपली भट्टी पेटली नाही. काकांची पेटली, पण गुडघ्यामुळे त्यांना तिच्यापाशी उभं राहवत नाही. परवा बाबा कोणाला न सांगता तिकडे गेले. सत्तरीतला माणूस, बाह्या वर सारून भट्टीपाशी उभा राहिला. काकांनी बघितलं नाही, जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. दुपारपर्यंत दोघं त्या वाफेत तसेच. मग काका खाटेवरूनच बाबांना म्हणाले, हादी, आच कमी कर.

बाबांनी घरी येऊन मला एवढंच सांगितलं आणि तोंड धुवायला गेले. बराच वेळ पाणी वाहत होतं.

पुढच्या आठवड्यात ये. या वेळी आमच्याही दारात ये. रागावलेली माणसंही वाट बघतात.

दूजाताई