वाइन प्यायलेल्या फोडी

बाबा, आधी हे सांगून टाकते की तुमच्या घरात आता वाइन येते. मे महिन्यात भाचरं, सुना, जावई सगळे वाडीत जमतात आणि त्यांच्यासाठी मी स्वतः पंच करते. चिकूची वाइन, अननसाचे तुकडे, लिंबू, पुदिना, वर सोडा आणि बर्फ. तुम्ही असतात तर पातेल्यात नाक खुपसून सगळं झाडाच्या आळ्यात ओतलं असतंत. तुमचं नाक अख्ख्या सरावलीला माहीत होतं. मला जरा जास्तच. अजून डोळ्यांसमोर आहे: मी बावीस वर्षांची आहे, वरोरला मैत्रिणीच्या लग्नाला जाऊन परत आलेय, ओटीवर पाहुणे बसलेत, आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणता, "इकडे ये. फुंक मार." मी फुंकते. वास नुसता बडीशेपेचा. तुम्ही मान डोलावता आणि पुन्हा पाहुण्यांशी विहिरीच्या पाण्याबद्दल बोलू लागता. त्या मान डोलावण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. चुकलो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?

यंदा मी नसता शहाणपणा केला. ताजा चिकू पंचमध्ये विरघळून त्याचा गाळ होतो, म्हणून आपण उन्हात वाळवतो त्या सुक्या फोडी घातल्या. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी चार बाटल्या वाइन स्टीलच्या डब्यात ओतली, त्यात फोडी टाकल्या आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी गाळलं, तर तीन बाटल्याही भरेनात. घरात आम्ही दोघीच, मी आणि स्वयंपाकाला मदत करणारी सायवनची बाई. आई गेल्यापासून ती माझ्यासोबत आहे, माझ्या आजारपणात तिनेच मला अंघोळ घातली. तरी माझ्या मनात पहिलं नाव तिचंच आलं. खरं सांगायचं तर दुसरं आलंच नाही.

मग मला नको नको ते दिसायला लागलं. ही सकाळपासून गप्प का? फ्रिजचं दार दोनदा का वाजलं? आत्ता पदराने तोंड का पुसलं? ती ताडी घेते, ते तिने कधी लपवलेलं नाही, पण त्या दिवशी मला तेवढा पुरावा पुरला. मिठाचा डबा काढायच्या निमित्ताने मी तिच्या तोंडाजवळ वाकले आणि श्वास ओढला.

ती कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "ताई, माझा वास घेतला ना?"

"अगं, वाइन कमी भरतेय."

"मी ताडी पिते ती माझे घरी, माझे माणसांत बसून. तुमची कशाला पिऊ?" मग तिने गाळणीतली एक फोड उचलून माझ्या हातावर ठेवली. "चावा."

फोड टम्म फुगली होती. चावली तशी तोंडभर वाइन सुटली. जन्मभर चिकू वाळवले मी, बाबा, आणि वाळलेली फोड किती पिते हे मला तिने सांगायचं! मी हसले आणि म्हणाले, "चल, कांदा आटप, पाहुणे येतील."

तिने पंच वाटला, भांडी घासली, ओटा पुसला आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तिच्याकडे लग्न आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. आठ दिवसांनी, म्हणजे काल, सायवनला गेले. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी विचारलं, "कामाला कधी येतेस?" ती म्हणाली, "बघते, ताई." बोलायला गेले होते वेगळंच, ते तोंडातून निघालंच नाही. तुम्हाला लिहिणं त्यापेक्षा सोपं आहे, तुम्ही समोर बसून माझ्याकडे बघत नाही.

हे कोणाला पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून ठेवते. ती फोड मी स्वतः चावून पाहिली होती, तरी काल तिच्या हातचं पाणी पिताना माझी नजर तिच्या घरात बाटली शोधत होती.